ओके या शब्दावरचं माझं धुळ्यातलं भाषण

मी आता भाषणं देत नाही. लोक विचारतात, घसा बसला का, तब्येत बरी नाही का. मी म्हणतो, वय झालं. हे साफ खोटं आहे. वय झालं की माणूस जास्त बोलतो, कमी नाही. पटत नसेल तर जळगावातल्या कुठल्याही बागेत सकाळी सहाला जाऊन बसा. खरं कारण सांगायची मला लाज वाटते. दोन वर्षं ते कारण मी बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही, आणि तिलाही अर्धंच सांगितलं होतं.

मी तीस वर्षं जळगावात ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवलं. गिरणेच्या काठी, भडगावकडे आमचं लहानसं गाव. आठवीत असताना वर्गात उभं राहून इंग्रजी वाचायची वेळ आली की मला दरदरून घाम फुटायचा. त्याच पोराने पुढे इंग्रजीवर पोट भरलं, घर बांधलं, याची माझ्या अंगात भारी मिजास होती. निवृत्त झाल्यावर मी शब्दांच्या गोष्टी सांगायला लागलो. इंग्रजीतला एखादा रोजचा शब्द घ्यायचा आणि तो कुठून आला, कसा फिरला, हे तासभर रंगवून सांगायचं. वाचनालय असो, महिला मंडळ असो, ज्येष्ठ नागरिक संघ असो, मी कुणालाही नाही म्हणत नसे. घरात इतक्या शाली जमल्या की बायको म्हणाली, "आता यांची गोधडी शिवते, निदान पांघरता तरी येईल."

माझं सगळ्यात गाजलेलं भाषण 'ओके'वरचं. त्याची सुरुवात मी आपल्याच गावापासून करायचो. डाळ मिलमधला माणूस मूठभर तूरडाळ तळहातावर घेतो, फुंकर मारतो, म्हणतो, 'ओके माल'. पाइपच्या कारखान्यात तपासणी झाली की पाइपवर ओकेचा शिक्का बसतो. डॉक्टर म्हणतो रिपोर्ट ओके. ज्या म्हातारीने शाळेचं तोंड पाहिलं नाही ती नळाला पाणी आलं की वरच्या मजल्यावरच्या सुनेला ओरडून सांगते, ओके! ट्रकच्या पाठीवर तर हॉर्न आणि प्लीजच्या मधोमध हा ओके का बसलाय, ते ट्रकवाल्यालाही माहीत नाही. मग मी विचारायचो, "मंडळी, हा पाहुणा आला कुठून?"

आणि मग गोष्ट. अमेरिकेत, बोस्टन शहरात, एकोणिसाव्या शतकात वर्तमानपत्रवाल्यांना एक खूळ लागलं होतं. चांगल्या शब्दांचं स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं आणि त्याची आद्याक्षरं छापायची. 'ऑल करेक्ट', म्हणजे सगळं बरोबर, हे त्यांनी अडाण्यासारखं 'ओ' आणि 'के' या अक्षरांनी सुरू करून चुकीचं लिहिलं आणि त्याचं झालं ओके. म्हणजे सगळं बरोबर आहे हे सांगणारा शब्दच मुळात चूक! इथे हमखास टाळी पडायची. तसले विनोद तेव्हा डझनावारी निघाले आणि मेले. हा एक जगला, कारण लगेच तिथे निवडणूक आली. एका उमेदवाराच्या गावावरून त्याला जे टोपणनाव पडलं होतं त्याचीही आद्याक्षरं नेमकी हीच निघाली, आणि त्याच्या माणसांनी गल्लोगल्ली ओके ओके करून टाकलं. पुढे तारेवाल्यांनी उचललं, रेल्वेवाल्यांनी उचललं. छोटा शब्द, पाठवायला सोपा. कुणी म्हणतं तो तिथल्या आदिवासींच्या भाषेतून आला, कुणी म्हणतं आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या लोकांबरोबर गेला, ग्रीक लोक म्हणतात आमचाच. यशाला बाप फार असतात, असं मी म्हणायचो. दुसरी टाळी.

शेवटी अर्थ. ओके म्हणजे हो, हे आपल्याला वाटतं. पण नवी साडी कशी आहे विचारल्यावर नवरा 'ओके' म्हणाला तर त्या घरात जेवण मिळत नाही. फोनवर 'ओके, ओके' म्हटलं की त्याचा अर्थ, आता ठेवा. बऱ्याचदा ओके म्हणजे नुसती पोच, तुमचं पत्र मिळालं, पुढचं आमचं आम्ही बघू. असं सगळं मी हातवारे करून सांगायचो. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शहाणा मोठा!

आता माझ्या बहिणीबद्दल सांगतो. ती माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आम्ही दोघंच. मी तिला अक्का म्हणतो, ती मला भाऊ म्हणते. तिला धुळ्यात दिलेली. भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा सुरतला नोकरीला, मुलगी पारोळ्यात नांदते. अक्का धुळ्यात दीर-जावेच्या एकत्र घरात राहते. घर तिचंही आहे, पण नवरा गेलेल्या, मुलगा लांब असलेल्या बाईचा एकत्र घरात किती शब्द चालतो, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तिची जाऊ वाईट नाही. तोंडाने फटकळ आहे इतकंच. तिला तीन भाऊ, तिघंही दणकट, आणि दरवर्षी आखाजीच्या आधी त्यांतला एक तरी गाडी घेऊन बहिणीला न्यायला दारात उभा.

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, पण आमच्या खान्देशात ती नुसती सोनं घ्यायची तिथी नव्हे. तो लेकींचा सण. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येते, झोक्यावर बसते, मांडे आणि आमरस खाते, चार दिवस कुणाची सून नसते. आणि ती एकटी येत नाही. माहेरचा माणूस तिला आणायला जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. त्याने सासरी जायचं, पाणी प्यायचं, जेवायचं, मग घरातल्या मोठ्या माणसाला म्हणायचं, "आमच्या बहिणीला आखाजीला पाठवा." तो म्हणतो, "न्या." मगच बाई पिशवी उचलते. लेक सत्तरीची झाली, गुडघे गेले, नातवंडं कॉलेजात गेली, तरी ही रीत तीच. बस दर तासाला आहे, तिला वाट माहीत आहे, सगळं खरं. पण मुऱ्हाळी आला नाही याचा अर्थ गल्लीत एकच होतो, की हिचं माहेर आटपलं.

वडील होते तोवर वडील जायचे. नंतर मी. कॉलेजच्या पेपर तपासणीतून एक दिवस काढायचो, अक्काच्या दिराशी हवापाण्याच्या गप्पा मारायचो, शेवया खायचो, आणि तिला घेऊन यायचो. आई माझ्याकडेच होती. अक्का आली की आई आणि ती पलंगावर बसून दिवसभर अहिराणीत कुजबुजायच्या, आणि मी बाहेरच्या खोलीत इंग्रजी पेपर वाचायचो. आई गेली. त्या वर्षी दुखवट्याचं म्हणून आखाजी केलीच नाही. पुढचं वर्ष म्हणजे आई नसतानाची पहिली आखाजी. बाप नाही, आई नाही, नवरा नाही. राहिलो मी. आता हा भाऊ आपल्याला न्यायला येतो की नाही, हे तिला कळायचं होतं. आणि तिच्या घरालाही.

आखाजीच्या दहा-बारा दिवस आधी तिचा मोबाइलवर मेसेज आला, बोलून पाठवलेला. दोन मिनिटं चाळीस सेकंद. तिला लिहिता येतं, पण बोटं थरथरतात म्हणून नातीने तिला बोलून पाठवायला शिकवलेलं. मी भाजीबाजारात होतो. पहिली दहा सेकंदं ऐकली. "भाऊ, कसा शे? तब्येत बरी शे ना?" बंद केला आणि लिहिलं, ओके. पुढे एक अंगठाही टाकला.

घाईत होतो, आवाज ऐकू येत नव्हता, असं मी नंतर बायकोला सांगितलं. पण इथे खरं लिहितो. त्या मेसेजात काय असणार ते मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच मी तो ऐकला नाही. आम्हाला मुलाकडे पुण्याला जायचं होतं. तिकिटं काढलेली. आखाजीला जळगावच्या घराला कुलूप असणार होतं. ऐकलं असतं तर नाही म्हणावं लागलं असतं, आणि नाही म्हणायला जी हिंमत लागते ती माझ्यात नव्हती. संध्याकाळी ऐकू, उद्या फोन करू, असं करत करत मी तो विषय आपोआप मिटेल म्हणून सोडून दिला.

त्यातच धुळ्याच्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचं बोलावणं आलं. विषय त्यांनीच मागितला, ओके. उन्हामुळे कार्यक्रम सकाळी साडेआठला, आखाजीच्या दोन दिवस आधी. आमची पुण्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची. म्हटलं, बसतंय. त्यांनी न्यायला मोटार पाठवली. अख्खी मागची सीट मला. धुळ्यात शिरलो तेव्हा अक्काच्या गल्लीच्या तोंडावरून गेलो, आणि मी मोबाइलमध्ये डोकं घातलं, जणू ती गल्ली मला बघेल. तिला मी कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर घरी जावं लागलं असतं.

सभागृह भरलेलं होतं. भाषण तर असं रंगलं की काय सांगू! पहिली टाळी, दुसरी टाळी, साडीच्या विनोदावर बायका तोंडाला पदर लावून हसल्या. आणि मला सुचलं. त्या दिवशीच सुचलं, आधीच्या कुठल्याही भाषणात हे नव्हतं.

"आता माझंच बघा," मी म्हणालो. "माझी एक बहीण आहे. ती मला मेसेज पाठवते. लिहून नाही, बोलून. दोन मिनिटं चाळीस सेकंद! सुरुवात गुडघ्यापासून, मुक्काम कैरीच्या लोणच्यावर." आणि मी तिचा आवाज काढला. मान हलवत, सूर ओढत, "भाऊऊ, कसा शेएए?" लोक हसून फुटले. "मी ऐकतो का? छे हो! मी लिहितो, ओके. तिला वाटतं, भावाने सगळं ऐकलं. भावाला वाटतं, सुटलो. एका शब्दात दोन माणसं सुखी. सांगा, आपल्या भाषेत आहे का असा शब्द?"

टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ तर डोळे पुसत होते. मी पाणी प्यायलो आणि मनात म्हटलं, हे आता कायम ठेवायचं.

शाल झाली, नारळ झाला, आभार झाले. लोक मंचापाशी आले. कुणी हात मिळवतंय, कुणी फोटो काढतंय. गर्दी जरा पांगली तेव्हा मला अक्का दिसली. खांबापाशी उभी होती. अंगावर इस्त्रीची मोतिया साडी, हातात मोठी कापडी पिशवी, तोंड नाडीने बांधलेलं. शेजारी तिची जाऊ.

अक्काने पेपरात माझ्या भाषणाची बातमी वाचली होती. तिने सरळ हिशोब केला होता, की भाऊ ओके म्हणाला, भाऊ धुळ्याला येतोय, म्हणजे भाषण झालं की आपल्याला घेऊनच जाणार. घरी यायला त्याला उशीर होऊ नये म्हणून ती पिशवी घेऊन सभागृहातच आली होती. आणि जावेला बरोबर आणलं होतं, भाऊ कसा बोलतो ते दाखवायला.

जाऊ म्हणाली, "बरं झालं भाऊ, आलात. चार दिवसांपासून पिशवी भरून बसल्यात. आम्हाला सगळ्यांना दाखवलं, भावाचं ओके आलं म्हणून." मग म्हणाली, "आवाज भारी काढता हां तुम्ही अक्कांचा."

अक्का घाईने म्हणाली, "अगं, भाषणात तसं गमतीचं बोलावं लागतं. नाहीतर लोक झोपतात."

ती माझी बाजू घेत होती. त्या क्षणी सुद्धा. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात संघाचे अध्यक्ष आले. भला माणूस, हसऱ्या चेहऱ्याचा. जेवण त्यांच्याच घरी होतं. "चला सर, मंडळी खोळंबली आहेत," म्हणाले, आणि अक्काकडे बघून नमस्कार करत त्यांनी विचारलं, "या कोण?"

साधा प्रश्न. दोन शब्दांचं उत्तर होतं. पण आत्ताच याच माणसासमोर मी बहिणीची नक्कल केली होती, त्यावर हाच माणूस पोट धरून हसला होता. आता तीच बहीण पिशवी घेऊन समोर उभी आहे म्हटल्यावर माझी काय शोभा राहणार? मी म्हणालो, "आमच्या गावाकडच्या आहेत."

माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल मी हे बोललो. मला कडेवर घेऊन जी गिरणेच्या वाळूतून चालली, तिच्याबद्दल.

जावेने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. अक्काचा चेहरा हलला नाही. तिने अध्यक्षांना उलट नमस्कार केला आणि अगदी स्वच्छ मराठीत म्हणाली, "हो. एकाच गावचे आहोत आम्ही. भाषण छान झालं." मग जावेला म्हणाली, "चल, ऊन चढतंय." आणि दोघी निघाल्या. पिशवी जड होती. जावेने एक बंद धरला, एक अक्काने. मी बघत उभा होतो, आणि मग जेवायला गेलो. जेवलोही. आमरस होता, दोन वाट्या घेतला.

परतीच्या वाटेवर, पारोळ्याच्या पुढे, मी तो मेसेज काढला आणि मोबाइल कानाला लावून ऐकला. गुडघ्याबद्दल एक वाक्य होतं. लोणच्याबद्दल काही नव्हतं, ते मी मनाचं घातलं होतं. आईबद्दल होतं, की माय गेल्यापासून तुझं घर डोळ्यांसमोर येत नाही, माय नसलेली खोली कशी दिसत असेल ते बघायचंय. आणि शेवटी, थांबत थांबत, "येवानं व्हई तर ये, भाऊ. नही व्हई तर तसं सांगी दे, मी राग नही धरस. पन माले घरमा खोटं बोलनं पडाले नको." यायचं असेल तर ये, नसेल तर तसं सांग, मी रागावत नाही, फक्त मला घरात खोटं बोलावं लागू नये. एवढंच मागितलं होतं तिने. त्यावर माझं ओके होतं, आणि अंगठा.

मागची सीट रिकामी होती. चालकाला म्हटलं असतं तर त्याने गाडी वळवली असती, तासाभराचीही वाट नव्हती. मी म्हटलं नाही. का, ते मला अजून धड सांगता येत नाही. दारात जाऊन उभं राहायचं तोंड नव्हतं, हे एक. आणि दुसरं, तिने सांभाळून घेतलंच आहे ना, असाही एक हलकट विचार मनात होता.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, पण "गावाकडच्या आहेत" हे गाळून. तेवढ्यानेही ती उठून उभी राहिली. "आत्ताच्या आत्ता परत जा. पुणं गेलं खड्ड्यात. मी पुरण घालते." मी तिच्यावरच डाफरलो, की तुला काय कळतं, अक्काला मुळीच वाईट वाटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुण्याला गेलो. आखाजीच्या दिवशी मी तिकडून फोन केला. अक्का म्हणाली, "सगळं बरं आहे. तुम्ही कसे आहात?" मी म्हटलं, अक्का, तू मला तुम्ही काय म्हणतेस? ती म्हणाली, "सगळ्यांना मिळून विचारलं." आणि फोन जावेच्या नातवाकडे दिला.

वर्षभर मी तिला आठवड्याला फोन करत होतो. ती नीट बोलायची. काय जेवलात, पाऊस आहे का, सूनबाई बरी का. सगळं प्रमाण मराठीत, जसं ती बँकेत बोलते. माझ्याशी तिची अहिराणी बंद झाली होती. माफी मागायला मी दहादा तोंड उघडलं आणि दहादा पावसावर गेलो. भाषणांची बोलावणी येत होती. एकदा एका वाचनालयात उभा राहिलो, ओकेची गोष्ट सुरू केली, आणि डाळ मिलपाशीच अडकलो. घसा बसल्याचं सांगून खाली उतरलो. ते शेवटचं.

पुढच्या आखाजीला मी गेलो. बायकोने आठ दिवस आधी अक्काच्या दिराला फोन करून रीतसर कळवलं होतं. मोटार केली नाही, लाल बसनेच गेलो. बरोबर डांगरं म्हणजे खरबुजं, गूळ, जावेसाठीही लुगडं. दिराने पुढे येऊन हात धरून बसवलं. जावेने पाणी दिलं, शेवया वाढल्या, एक शब्द वावगा बोलली नाही. मी दिराला म्हटलं, "आमच्या अक्काला आखाजीला पाठवा." तो म्हणाला, "न्या की भाऊ. तुमचीच आहे."

अक्का तयार होती. ती बाहेर आली आणि ओट्यावर शेजारणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मना भाऊ उना वं लेवाले!" माझा भाऊ आला गं न्यायला. कान भरून ती भाषा ऐकली. मला वाटलं, सुटलो. झालं गेलं संपलं. पिशवी मी घेतली. गल्लीभर ती थांबत थांबत चालली, प्रत्येक दाराशी, येते गं, भावाकडे चालले. रिक्षात बसलो, स्टँडवर आलो, जळगावची बस लागलेलीच होती. तिला खिडकी दिली. वाटेत काय बोलायचं ते मी मनात जुळवत होतो.

कंडक्टर आला. मी म्हटलं, "दोन जळगाव, दोन्ही अर्धी." अक्काने पदराची गाठ सोडली आणि कंडक्टरपुढे हात केला. "एक जळगाव. माले पारोळानं दे."

मी म्हटलं, "अक्का, पारोळा कशाला?"

"पोरकडे जाई ऱ्हायनू," ती म्हणाली. मुलीकडे. चार दिवस तिकडेच राहणार होती. मुलीला सांगून ठेवलं होतं.

बस गावाबाहेर पडली. मग मी म्हटलं, अक्का, माझं चुकलं. फार चुकलं. मी नालायक आहे. तुझा राग अजून गेला नाही, मला कळतं.

तिने खिडकीतून बघत मान हलवली. "राग नही शे रे, भाऊ. तुना घर येवानी लाज वाटस माले."

राग असता तर मी तिची समजूत काढली असती, पाय धरले असते. लाजेला काय करायचं? तुझ्या घरी यायची मला लाज वाटते, असं माझ्या थोरल्या बहिणीने मला सांगितलं, हळू, शेजारच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून. लाज मला वाटायला हवी, ती तिला वाटत होती.

पारोळा आलं. मी पिशवी घेऊन खाली उतरलो. तिची मुलगी स्टँडवर उभी होती, तिने लांबूनच मान हलवली, जवळ आली नाही. अक्काने माझ्या हातातून पिशवी घेतली. "तू लेवाले उना, बठ्ठासनी देखं. बस झालं," ती म्हणाली. तू न्यायला आलास, सगळ्यांनी पाहिलं, तेवढं पुरे. मग माझ्या शर्टाची कॉलर जरा वळली होती ती तिने सरळ केली. "जाय आते, गाडी सुटी."

मी बसमध्ये येऊन बसलो. एरंडोलच्या अलीकडे मोबाइल वाजला. धुळ्याहून तिची जाऊ होती. आवाजात काळजी होती, टोमणा नव्हता. "भाऊ, कुठवर आलात? उन्हाचं अक्कांना मळमळतं, म्हणून फोन केला. बऱ्या आहेत ना?"

घरात खोटं बोलावं लागू नये, एवढंच अक्काने मागितलं होतं. मी शेजारच्या रिकाम्या सीटकडे बघितलं.

"हो," मी म्हणालो. "बरी आहे. माझी बहीण माझ्या शेजारीच बसली आहे."